अकरा वाजता येणारं नाव

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी दिसायला मी पत्र्याचा काळा डबाच. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. समोरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पाय ओळीनं ठेवलेले आहेत. सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळलेली. त्याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

माझं काम राखणदाराचं. कारखान्यातली सगळी मापं माझ्या पोटात असतात. बाहेरच्या चार कॉम्प्युटरांवरून जो कोणी ती मागायला येतो, त्याला मी विचारतो, नाव काय आणि पासवर्ड काय? ओळखीच्यालाही विचारतो. चेहरा बघून आत सोडायची मला मुभा नाही.

इथले सगळ्यांत जुने कारागीर म्हणजे मास्तर. ते मापं लिहीत नसत, बोलून ठेवत. त्यांचा तो आवाज मी एका फोल्डरमध्ये जपून ठेवला. पण कारखान्याला एक वाईट खोड होती. सगळेच मास्तरांच्या नावानं आत यायचे. वेगळी नावं काढायचा कंटाळा, दुसरं काय! पासवर्डही एकच, आणि तो चारही कॉम्प्युटरांत साठवलेला. मालकांना यात काही वावगं वाटलं नाही.

मग मास्तर वारले. त्यांचं नाव मात्र कामावर येतच राहिलं. सकाळी पट्टे शिवणाऱ्या मावशी मास्तर होऊन येत, मग प्लास्टरवाला मास्तर होऊन येई. मला ते बरं वाटत नसे.

पंधरवडा उलटला आणि एका सकाळी अकरा वाजता मास्तरांचं नाव आलं. पासवर्ड चुकीचा होता. पुन्हा आलं, पुन्हा चुकीचा. चारही कॉम्प्युटरांना पासवर्ड पाठ होता, ते चुकणं शक्य नव्हतं. मग हे कोण? पाच वेळा चुकलं की ते नाव तासभर बंद करायचं, असा मला नियम घालून दिला आहे. मी बंद केलं. त्याबरोबर बाहेर चारही पडद्यांवर नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली. आता खरा पासवर्ड टाकला तरी मी कोणाला आत घेईना. काम ठप्प झालं.

दुसऱ्या दिवशी अकराला तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मावशी पावणेअकरालाच कॉम्प्युटरपासून लांब जाऊन बसू लागल्या. प्लास्टरवाला मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करेना. खरं सांगतो, भीती मलाही वाटत होती. नाव ओळखीचं होतं, आणि मी रोज त्याला दारातून परत पाठवत होतो.

मालक वैतागले. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं आणि सांगितलं, आज हे थांबलं नाही तर मास्तरांचं नाव, फोल्डर, सगळं पुसून टाका. तो आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

बाईंनी चारही कॉम्प्युटरांतले साठवलेले पासवर्ड काढून टाकले. प्रत्येकाला स्वतःचं नाव दिलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी चारही कॉम्प्युटरांच्या वायरी उपसल्या. सगळे माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.

अकरा वाजले. मास्तरांचं नाव आलं.

मावशींनी प्लास्टरवाल्याचा दंड घट्ट धरला. बाईंनी मात्र माझी नोंदवही उघडली. कोण कुठून आलं ते मी तिच्यात लिहून ठेवतो, पण इतक्या दिवसांत ती कोणी वाचली नव्हती, मीही नाही. नाव मास्तरांच्या घरून येत होतं. त्यांना घरी बसून काम करता यावं म्हणून एक वाट उघडून दिली होती, ती बंद करायची राहून गेली होती.

त्या घरात आता फक्त मास्तरांची बायको होती. बाईंनी फोन लावला.

"अकराला ते कामाला बसायचे," काकू म्हणाल्या. "चौकट येते. तिच्यात त्यांचं नाव आधीच असतं. मी नुसता पासवर्ड आठवून बघते. त्यांचा आवाज तिथंच आहे ना?"

आम्हाला का नाही विचारलंत, असं मालकांनी विचारलं. म्हातारीला वेड लागलं म्हणाल, असं उत्तर आलं.

मालक बाईंकडे वळले. मग म्हणाले, "फोल्डर राहू दे. आणि काकूंना त्यांच्या स्वतःच्या नावानं आत येऊ द्या."

सगळं नीट चालतंय का ते बघायला बाईंनी एक फाइल लावली. खोलीत मास्तर बोलू लागले. "उजवा पाय. गुडघ्याचा घेर चौतीस." मागून, लांबून, एका बाईचा आवाज आला. पानं वाढली आहेत म्हणत होता. "आलो, आलो. पाचच मिनिटं," मास्तर म्हणाले. मावशी वळून दाराकडे बघू लागल्या.

फोनवर काकू हळूच म्हणाल्या, "ती मीच."

आता काकू रोज अकराला स्वतःच्या नावानं येतात. पासवर्ड चुकत नाही. तेवढी एकच फाइल उघडतात.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. लवकरच नवा डबा येईल आणि कोणीतरी माझं पोट साफ करायला बसेल. ज्याचं त्याला नाव द्या, गेलेल्या माणसाच्या उघड्या राहिलेल्या वाटा वेळेवर बंद करा, हे माझं सांगणं आहेच. पण जुनं माप म्हणून एखादी फाइल पुसण्याआधी ती शेवटपर्यंत ऐका. तिच्यात कोणीतरी कोणाला जेवायला हाक मारत असेल.