एका घराला एकच माग

धुळाप्पाचा उजवा पंजा चादरीच्या मागात गेला, पेन्शन सुरू झाली आणि हा माणूस आता संपला, असं घरानं धरूनच टाकलं. कारखान्याचे मालक बापूसाहेब दिलदार. त्यांनी त्याच्या जागी पोराला, अजिनाथला, घेतलं. नोकरी बघून मुलगीही सांगून आली. दिपाली सून म्हणून घरात आली. सगळं मार्गी लागलं, धुळाप्पा तेवढा ओट्यावर बसून राहिला. येणारा-जाणारा म्हणायचा, आराम आहे बुवा तुमचा. असल्या आरामाला आग लागो!

मग पुनर्वसन केंद्रातल्या राजेश्वरी मॅडम भेटल्या. तुटलेला धागा दातात धरून डाव्या हातानं गाठ कशी मारायची, ते त्यांनी शिकवलं. आधी तो रडकुंडीला आला, पण मग बोटं वळली आणि माणसाच्या तोंडावर कळा आली. मॅडमनी बापूसाहेबांना गळ घातली. ते म्हणाले, माग चालवून दाखवू दे, घेतो; मात्र एका घराला एकच माग. बाप आला की पोरानं निघायचं.

हे ऐकून अजिनाथनं तोंड शिवून घेतलं. बोलली ती म्हाळसाबाई. "सून दोन जिवांची हाय. तुमास्नी पेन्शन हाय की," ती नवऱ्याला म्हणाली.

बायकोचा त्याला संताप आला, पण ती खोटं बोलत नव्हती. दोन दिवस तळमळून त्यानं ठरवलं, चाचणीत मुद्दाम गाठी सैल मारायच्या आणि परत ओटा गाठायचा. पोराच्या तोंडचा घास कुठला बाप काढून घेईल?

चाचणीला अजिनाथचाच माग होता. सकाळी लवकर जाऊन त्यानंच तो तयार ठेवला होता. एक गाठ तरी झकास मारावी, मग हरावं, एवढीच धुळाप्पाची हौस. त्यानं तुटका धागा दातात धरला आणि जिभेला मशीनचं तेल लागलं. शेजारचा धागाही तसाच. तेलकट सुताला गाठ धरत नाही, हे पोराला त्यानंच शिकवलं होतं.

गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मॅडमचा चेहरा उतरला. तेलाचं नाव काढलं असतं तर पोराची नोकरी उभ्या उभ्या गेली असती.

"न्हाय जमत, मालक," धुळाप्पा म्हणाला.

फाटकापाशी अजिनाथनं त्याला गाठलं. "आबा, मनाला लावून घिऊ नगा. वय झालं की तुमचं."

"मी हराया म्हणूनच आलतो रं," धुळाप्पा म्हणाला. "इचारायचं तरी हुतंस."

अजिनाथनं वेड पांघरून "काय?" म्हटलं, आणि उत्तराला न थांबता तो आपल्या मागाकडं निघून गेला.