जीभ काढलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. मला वाजवून बघावेसे वाटले तर खुशाल बघा, काही ऐकू येणार नाही. माझा लोळा, म्हणजे घंटेची जीभ, इथून दोन खोल्या पलीकडे एका खणात चिठ्ठी लावून ठेवलेला आहे.

सिनसिनाटीच्या ओतशाळेत मी जन्मले आणि आगबोटीने मिसिसिपी राज्यातल्या सायप्रस बेंड या गावी आले. नदीच्या वळणावरची शंभरेक घरे, एक लाकडाची गिरणी, एक चर्च. लग्नात मी वाजे, मर्तिकाला मेलेल्याच्या वयाइतके टोल देई. पण गावाने मला जीव लावला तो वादळांमुळे. समुद्र जवळच होता. वादळ येणार असले की तीन टोल, जरा थांबून पुन्हा तीन. ते ऐकले की माणसे चुलीवरचे भांडे तसेच टाकून उंचावरच्या पाइनच्या रानात जात. मी वाजले नाही, तर कोणी जागचे हलत नसे. "घंटा बोलली नाही ना? मग बस जेवायला," अशी तिथली रीतच होती.

माझा दोर चाळीस वर्षे थिओफिल मोरेलच्या हातात होता. नदीचे पाणी हुंगून, काठ सोडून वर चढणारे खेकडे पाहून तो वादळ ओळखी. तो चुकल्याचे मला आठवत नाही.

मग आमच्या वाटेत चंद्र आडवा आला. सरकारला चंद्रावर माणूस पाठवायचा होता, आणि त्यासाठीची प्रचंड इंजिने पेटवून बघायला निर्जन जागा हवी होती. जागा निर्जन नव्हती, म्हणून ती निर्जन करायचे ठरले. चर्चमध्ये सभा भरली. जमीन घेणारा अधिकारी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "हे काम सगळ्या देशाचं आहे. तुमच्याच करातून होतंय, त्याचा फायदाही तुम्हालाच."

"असेल," थिओफिल म्हणाला. "पण साहेब, चंद्रावर जायची वाट नेमकी माझ्या परसातूनच जाते होय?"

लोक हसले. अधिकारीही हसला. मग थिओफिलने एकच गोष्ट मागितली. "घंटा इथंच राहू द्या. आम्ही कुंपणाबाहेर नदीकाठी जाऊ, तिथवर आवाज येतो. वादळात ती वाजवा, म्हणजे झालं."

"शब्द दिला," अधिकारी म्हणाला. त्याने तो मनापासून दिला होता, असे मी आजही मानते. पुढच्याच वर्षी त्याची बदली झाली, आणि दिलेला शब्द काही कागदावर नव्हता.

लोकांनी आपली लाकडी घरे चाकांवर चढवून नेली. रस्त्याने घरे जाताना तुम्ही पाहिली नसतील. एका घराच्या खिडकीत पडदा तसाच हलत होता. चर्च पाडले. मला दोन खांबांवर टांगून कचेरीसमोर उभे केले. थिओफिलची मुलगी व्हर्डी त्याच कचेरीत फरशा पुसायच्या कामाला लागली. जाता-येता ती मलाही पुसून घेई आणि सगळ्या बातम्या सांगे.

पहिले मोठे इंजिन पेटले त्या दिवशी जमीन अशी थरथरली की मी आपोआप वाजू लागले. कुंपणाबाहेरची आमची माणसे कोंबड्या, पोरे, मक्याच्या भाकरीचे तवे घेऊन रानात पळाली. आभाळ स्वच्छ निळे होते. दुसऱ्या दिवशी व्हर्डी हसत म्हणाली, "बाबा झाडाखाली दुपारभर बसले होते. म्हणाले, वादळ लाजाळू दिसतंय."

ही बातमी नव्या साहेबांपर्यंत गेली. त्यांना हसू आले नाही. "गोंधळ नको," म्हणून त्यांनी माझा लोळा काढायला लावला. काढणाऱ्याने तो फडक्यात नीट गुंडाळला. कुंपणाबाहेर कोणाला कळवावे हे कोणाच्या मनातही आले नाही.

व्हर्डीने मात्र पाहिले. माझ्या पोकळीत हात घालून ती कितीतरी वेळ उभी राहिली. "बाबांना नाही सांगणार," ती म्हणाली. "घर गेलं ते त्यांनी सोसलं. हे नाही सोसायचं त्यांना." तिने सांगितले नाही. मायेपोटी केलेली चूक होती ती. तिला बोल लावायला मला जीभ असती तरी मी लावला नसता.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. व्हर्डीच्या घरी टीव्हीसमोर बसून थिओफिल म्हणे डोळे पुसत होता. "आपल्या अंगणात भुंकलेलं कुत्रं बघ कुठवर पोचलं," तो त्या इंजिनाबद्दल म्हणाला. त्याला अभिमान होता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते.

पुढच्याच महिन्यात समुद्रावर मोठे वादळ उठले. सरकारने आकाशात सोडलेल्या उपग्रहाने त्याचे चित्र दोन दिवस आधी पाठवले होते. व्हर्डीने ते कचेरीच्या भिंतीवर पाहिले: पांढरा भोवरा, मधे काळा डोळा. थिओफिलचे खेकडे इतके लांबचे कधीच सांगू शकले नसते. रेडिओवर तेच चालू होते आणि किनाऱ्यावरची हजारो माणसे त्या चित्रामुळे निघून गेली, वाचली. आमच्या गावच्या मातीतून जो खटाटोप उभा राहिला त्याचे हेही एक फळ होते. ते मी नाकारणार नाही.

रविवारी व्हर्डी बापाकडे गाडी घेऊन गेली. थिओफिल आता थकला होता, नदीचा वास आणि खेकडे त्याला कळेनासे झाले होते; भरवसा उरला होता तो माझ्यावर. थिओफिल आणि शेजारची दहा माणसे जेवायला बसत होती.

"बाबा, उठा. चित्र बघितलंय मी."

"घंटा वाजली का?"

"रेडिओ सकाळपासून ओरडतोय."

"रेडिओ ओरडणारच. त्याला पगारच त्याचा मिळतो. घंटा वाजली का, ते सांग."

तेव्हा ती म्हणाली, "वाजणार नाही, बाबा. तिचा लोळा काढलाय. तीन वर्षं झाली."

थिओफिलने तिच्याकडे पाहिले. "मला हलवायला आता खोटं बोलतेस, पोरी? सरकारच्या माणसानं शब्द दिलाय. सगळ्यांदेखत, चर्चमध्ये. बस, दोन घास खा."

ती बसली नाही. गाडी हाकत माझ्याकडे आली. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने फाटक उघडले. गाडीच्या जॅकचा दांडा दोन्ही हातांनी उचलून ती मला मारू लागली. तीन, जरा थांबून पुन्हा तीन. तिचे तळहात फुटले. माझ्या ओठाचा टवका उडाला. मी होते नव्हते तेवढे बळ एकवटून वाजले. पण वारा समुद्राकडून येत होता. माझा आवाज त्याने उचलला आणि उलट बाजूला, रिकाम्या सायप्रस बेंडवर नेऊन टाकला.

ती परत गेली तेव्हा नदी रस्त्यावर आली होती. त्या घरातली अकराही माणसे मला पुन्हा कधी ऐकायला आली नाहीत.

आता मी संग्रहालयात आहे. रोज पुसतात, दिव्याखाली ठेवतात. खालच्या पाटीवर चंद्राच्या स्वारीत माझ्या गावाने केलेल्या त्यागाचे कौतुक आहे. अगदी तळाशी लिहिले आहे, 'कडेचा टवका वाहतुकीत उडाला.' व्हर्डी आता म्हातारी झाली आहे. ती दर ऑगस्टमध्ये येते. पाटी बदला, लोळा परत बसवा, असे तिने कितीदा लिहून दिले. एकदा एका तरुण बाईने तिला गोड आवाजात सांगितले, "आजी, आम्ही घंटेची फार काळजी घेतो हो."

"ते दिसतंच आहे," व्हर्डी म्हणाली. "चकचकीत आहे."

मित्रांनो, वर जाणारी यंत्रे आणखी होतील आणि वरून येणारी चित्रे आणखी नेमकी होतील. व्हावीत. ती तुमच्याच पैशाची आहेत. पण ज्याच्या शब्दावर माणसे घर सोडतात त्याची जीभ काढू नका. आणि काढलीच, तर निदान जाऊन सांगा.

या ऑगस्टलाही व्हर्डी आली होती. कोणी बघत नाही असे पाहून तिने बोटांची पेरे माझ्या फुटक्या ओठावर आपटली. तीन, जरा थांबून पुन्हा तीन. मग कान लावून ती बराच वेळ उभी राहिली.