टटलबाई मळणीला गेल्या

"तुमची परीक्षा उद्या, माझी मळणीही उद्याच," हाल्वर लिएन म्हणाला. "आता तुम्हीच सांगा बाई, यातलं काय पुढे ढकलता येतं?"

ऑर्फा टटलबाई विद्यापीठाच्या दारात कोळशाची बादली घेऊन उभ्या होत्या. विद्यापीठ म्हणजे तरी काय, उघड्या माळावर बांधलेली विटांची एक इमारत. खाली वर्ग, वर मुलामुलींच्या खोल्या, आणि खिडकीबाहेर चरणारी गुरं. राज्याने कायदा करून विद्यापीठ काढलं त्याला चारच वर्षं झाली होती. प्राध्यापक पाच. कोळसा ज्याचा त्याने वर न्यायचा, मग तो विद्यार्थी असो की ग्रीकचा प्राध्यापक. घंटा मात्र स्वतः अध्यक्ष वाजवत, कारण दुसऱ्या कुणी वाजवली की ती वेळेवर वाजत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

हाल्वरच्या मागे त्याची मुलगी सिग्ने उभी होती. डोक्याला रुमाल, नजर खाली. ती रडत नव्हती, पण ओठ असे घट्ट मिटले होते की बघणाऱ्यालाच रडू यावं.

"अहो लिएन, एका दिवसाचा तर प्रश्न," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी मी स्वतः तिला घरी आणून सोडते."

"संध्याकाळी येऊन काय उष्टी काढणार? यंत्राबरोबरची वीस माणसं सकाळपासून माझ्या दारात. हिच्या आईचा हात मोडलाय मनगटात, गळ्यात बांधून बसलीय. मग चूल कोण पेटवणार, मी? मी पेटवली तर घर पेटेल."

"शेजारच्या बायका येतील की."

"कुणाच्या तोंडाने बोलावू?" हाल्वरचा आवाज चढला. "आमच्यात रीत आहे बाई. माझ्या घरची बाई तुझ्या मळणीला, तुझ्या घरची माझ्या. यंदा गुरोचा हात असा, आणि लेक इथे पुस्तकं घेऊन बसलेली. आमच्याकडून कुणाकडे एक बाई गेली नाही. आता आमची पाळी आली म्हणून हात पसरू? त्यापेक्षा गंज्या बर्फात कुजल्या तरी चालतील. आणि यंत्र एकदा पुढे गेलं की परत येत नाही, हेही ऐकून ठेवा."

त्याचं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण परीक्षाही परत येणार नव्हती. वर्षातून एकदाच राजधानीतून विश्वस्त यायचे, सगळं गाव दिवाणखान्यात जमायचं आणि पूर्वतयारीच्या वर्गातल्या मुलांना एकेक करून उभं करून प्राध्यापक तोंडी प्रश्न विचारायचे. उत्तरं दिली की खऱ्या विद्यापीठात प्रवेश. नाही दिली, किंवा आलाच नाहीत, तर पुढच्या वर्षी बघू. मुलग्यांचं ठीक होतं, ते पुढच्या वर्षी येत. पण असं वर्षभरासाठी घरी गेलेली मुलगी परत आल्याचं टटलबाईंनी काही पाहिलं नव्हतं. घरी आई आजारी पडते, मग धाकटं भावंड होतं, मग कुणीतरी बरा मुलगा सुचवतं, आणि संपलं.

बाईंनी बादली खाली ठेवली.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्याकडे. स्वयंपाकाला. सिग्ने राहू दे इथे."

हाल्वरने त्यांना टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "येतो तुम्हाला स्वयंपाक?"

"लॅटिन येतं," बाई म्हणाल्या. "लॅटिन आलं तर स्वयंपाक काय मोठा अवघड आहे? पुस्तकात बघून करायचा."

"बाई, नको!" सिग्ने एकदम बोलली. तिला माहीत होतं ना! मागच्या हिवाळ्यात एका तापकरी मुलीसाठी बाईंनी स्वतः लापशी केली होती. ती मुलगी दोन घास खाऊन उठून बसली आणि मला अगदी बरं वाटतंय असं शपथेवर सांगू लागली होती.

हाल्वरने दाढी खाजवली. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण मी स्पष्ट बोलतो, मागाहून वाईट वाटून घ्यायचं नाही. माझ्या दारातून मळणीची माणसं उपाशी गेली तर मला पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नाही. तसं झालं तर ही कायमची घरी. जेवून गेली, तर तुमची पोरगी आणि तुमचं पुस्तक."

बाई अध्यक्ष हॅलक यांना सांगायला गेल्या तेव्हा त्यांनी चष्माच काढला. "परीक्षेला तुम्ही नसणार? आणि लॅटिन कोण विचारणार?"

"ग्रीकचे क्रँडल विचारतील. त्यांना ग्रीकपेक्षा लॅटिनच बरं येतं, फक्त तसं त्यांच्यासमोर म्हणू नका."

"तीन वर्षं तुम्ही त्या मुलीला घासूनपुसून तयार केलीत टटलबाई. आणि ऐकायला तुम्हीच नाही?"

बाईंनी नजर खिडकीबाहेरच्या गुरांकडे वळवली. मन खट्टू झालं ते झालंच. "कुणीतरी ऐकलं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि शाल आणायला वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लिएनांच्या चुलीपुढे टटलबाई पाकपुस्तक उघडून उभ्या होत्या. गुरो लिएन कोपऱ्यातल्या खुर्चीत हात गळ्यात अडकवून बसली होती. तिला इंग्रजी अगदी मोजकं यायचं आणि बाईंना नॉर्वेची भाषा मुळीच नाही. गुरो हनुवटीने पिंप दाखवी, भांडं दाखवी, मध्येच आपल्या भाषेत खूप काही बोले. ते सगळं अत्यंत गरजेचं होतं हे नंतर कळलं. रात्रभर ठणक्याने तिचा डोळा लागला नव्हता, त्यामुळे ऊन वर येता येता ती खुर्चीतच गाढ झोपली, आणि घात झाला.

पुस्तकातलं माप चार माणसांचं होतं. खाणारी वीस. बाईंनी त्रैराशिक मांडलं आणि सगळ्याला पाचने गुणलं. पीठ पाचपट, लोणी पाचपट, सोडा पाचपट, मीठ पाचपट. गणितात तसूभर चूक नव्हती. पिंपातलं खारवलेलं डुकराचं मांस रात्रभर पाण्यात ठेवायचं असतं, हे पुस्तकाने गृहीत धरलं होतं आणि बाईंनी धरलं नव्हतं. त्यांनी त्यावर वर आणखी पाचपट मीठ घातलं. घेवड्याचे दाणे भिजवायचे असतात तेही तसंच राहिलं, आणि सोड्याबरोबर पिठात ताक घालायचं तेही. भट्टीचं दार उघडताना एक हात भाजला, सोड्याची बिस्किटं, म्हणजे छोटे पाव, काढताना दुसरा.

बाहेर यंत्र घरघरत होतं, त्याला जुंपलेले घोडे गोल गोल फिरत होते, भुशाचा धुरळा खिडकीतून आत येत होता. घड्याळात दहा वाजले. आता सिग्ने उभी राहिली असेल, बाईंच्या मनात आलं. त्या हातात कालथा घेऊन तशाच थांबल्या. त्यांना स्वतःला कुणी शिकवलं होतं? ओहायोत एका धर्मोपदेशकाच्या घरी त्या मोलकरीण होत्या. तो रोज संध्याकाळी आपल्या मुलांना लॅटिन शिकवायचा. त्याची बायको काही न बोलता ऑर्फाच्या हातातली भांडी काढून घ्यायची आणि तिला तिकडे ढकलायची. ढीगभर भांडी ती स्वतः घासायची. तिला स्वतःला सहीसुद्धा धड येत नव्हती. त्या माउलीचे उपकार कधी फिटले नाहीत, आणि फेडायला ती उरलीही नाही. बाईंना भरून आलं. तेवढ्यात मांस करपल्याचा वास आला.

दुपारी माणसं हातपाय धुऊन जेवायला बसली. यंत्राचा मालक डेनिस मलोय, लालभडक चेहऱ्याचा आयरिश गडी, सगळ्यांच्या आधी घास घेणारा. त्याने मांसाचा तुकडा तोंडात घातला आणि चावायचा थांबला. मग सावकाश पाण्याचं भांडं ओढलं.

"हाल्वर, या कोण म्हणालास?"

"विद्यापीठातल्या बाई आहेत. लॅटिन शिकवतात."

"हां," मलोय म्हणाला. "तरीच."

बिस्किटं पिवळीहिरवी झाली होती आणि त्यांना साबणाचा वास येत होता. कुणीतरी घेवड्यावर काटा टोचला तर दाणा उडून खिडकीच्या काचेवर टणकन आपटला. "मलोय, हे यंत्रात घालू नकोस हं," टोकाचा एकजण पुटपुटला, "दाते मोडतील." हाल्वरने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे बिस्किट तोंडात कोंबलं. बाकीचेही खाली माना घालून खात राहिले. पाण्याच्या बादल्यांवर बादल्या आल्या.

"बाई," मलोयने अदबीने विचारलं, "रात्री काय बेत आहे?"

"हेच!" टटलबाई आनंदाने म्हणाल्या. "भरपूर उरलंय. लाजू नका."

मलोय उठला, टोपी चढवली. "चला रे. उठा सगळे."

एरवी जेवणानंतर माणसं गंजीच्या सावलीत तंगड्या पसरून पाइप ओढायची. चांगलं जेवण असेल तर दुपारी हमखास यंत्राचा पट्टा तुटायचा, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारीसुद्धा पदरात पडायची. गुरोच्या हाताला अशी चव की लिएनांकडे तो दरवर्षी तुटायचाच. आज कुणी पाइप काढला नाही. मलोयने स्वतः चाबूक घेऊन घोडे हाकले. पेंढ्या अशा उडत होत्या की जणू गंजीला आग लागली आहे. दिवस चांगला हातभर वर होता तेव्हा शेवटची पेंढी यंत्रात गेली आणि थोड्याच वेळात यंत्र फाटकाबाहेर पडलं.

"अंधाराच्या आत पुढचं शेत गाठायचंय," मलोय दारातूनच म्हणाला. "थांबता येत नाही बाई. राग मानू नका."

टटलबाईंनी वीस ताटं मांडून ठेवली होती. त्यांनी ताटांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. त्या काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी उरलेल्यातलं एक बिस्किट उचललं, दाताखाली घातलं आणि मटकन बाकावर बसल्या.

हाल्वर आत आला. भुशाने पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"तुमची माणसं उपाशी गेली," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे गेली. बोललेलं मी विसरले नाही. पण तिच्यावर राग काढू नका, लिएन. तिने काही केलं नाही."

हाल्वरने टोपी काढून मांडीवर झटकली. त्याचे खांदे हलायला लागले. आधी बाईंना वाटलं माणूस रडतोय की काय. तो हसत होता.

"अहो, दोन दिवसांचं काम एका दिवसात! गेल्या वर्षी तीन जेवणं जास्तीची झाली, अख्खं डुक्कर संपवलं लेकाच्यांनी. मलोयला असा पळताना मी जन्मात पाहिला नव्हता!"

कोपऱ्यातून गुरो काहीतरी बोलली आणि हाल्वरला हसता हसता ठसका लागला. "ती म्हणतेय, पुढच्या वर्षी पण तुम्हीच या."

मग बाईंच्या हातांकडे त्याची नजर गेली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

"दुपारी सगळे जेवले," तो हळू म्हणाला. "एकानेही ताट टाकलं नाही, मी बघत होतो. बाहेर मलोयने विचारलं मला, परक्याच्या पोरीसाठी या बाई एवढ्या का भाजून घेतायत म्हणून. मला काही सांगता येईना. चला, तुम्हाला पोचवतो."

वाटेत तो एकदा फक्त म्हणाला, "गुरोचा हात होईल बरा. हिवाळ्यात मी शिकेन चूल पेटवायला." बाईंना जे ऐकायचं होतं ते एवढ्यात सगळं आलं. त्यांनी शाल तोंडापुढे धरली आणि वारा फार आहे असं दाखवलं.

विद्यापीठाच्या पायरीवर सिग्ने बसली होती. गाडी थांबायच्या आत धावत आली.

"झाले बाई! पास झाले!"

"क्रँडलनी काय विचारलं?"

"लॅटिनमधला तो नदीवरच्या पुलाचा उतारा. तोंडपाठ म्हणायला लावला, मग अर्थ. बाई, तुमचे हात! इकडे या, बसा बघू आधी." ती आत पळाली, लोणी आणि फडकं घेऊन आली आणि बाईंचे हात आपल्या मांडीवर घेतले. जरासुद्धा दुखू न देता लोणी लावायला लागली. बाई बघत राहिल्या. हे मात्र हिला शिकवावं लागलं नव्हतं.

"म्हण," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पुलाचा उतारा. मी कुठे ऐकला?"

सिग्ने सवयीने उभी राहायला लागली.

"बस. आज बसूनच म्हण. हात सोडू नकोस."

ती म्हणू लागली. फडकं गुंडाळता गुंडाळता, न अडखळता, एकेक शब्द सुटा. टटलबाईंनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते आणि पुसायची गरजही वाटत नव्हती.

हाल्वर गाडीवर लगाम धरून बसला होता. घरी गाई धारेच्या खोळंबल्या होत्या. लेक म्हणत होती त्यातलं त्याला अक्षर कळत नव्हतं. थोड्या वेळाने तो खाली उतरला, चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढून हातात घेतली आणि पायरीशी येऊन उभा राहिला.

फडक्याची गाठ मारायला सिग्ने मध्येच थांबली.

"थांबलीस का गं?" हाल्वर म्हणाला. "पुढे म्हण."