सगळ्यात खालची जागा

शहर वाढत होतं. म्हणजे बसून खाणाऱ्या माणसाचं पोट वाढावं तसं वाढत होतं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं, आणि एक दिवस पट्टा लागेनासा झाला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. नव्या वसाहती झाल्या, घरोघरी नळ आले, पण वापरलेलं पाणी जायचं कुठे याचा विचार कुणीच केला नव्हता. ते बिचारं आपली वाट आपणच काढत होतं, आणि ती वाट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दारावरून जात होती. शेवटी नगरपालिकेने पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचं मनावर घेतलं आणि नगररचना विभागात जी एकुलती एक अधिकारी होती, तिच्या गळ्यात ते लोढणं अडकवलं.

तिला सगळे प्लॅनिंगबाई म्हणत. चाळिशीची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईवडिलांच्याच घरी राहणारी. खरं बोलायची तिला खोड होती. नगरपालिकेत ही खोड असलेलं माणूस लांबून ओळखू येतं, कारण त्याच्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची नसते.

आराखडा म्हणजे नकाशात रंग भरणं, असा नगरसेवकांचा समज होता. बगिचा प्रत्येकाला आपल्या खिडकीसमोर हवा होता, पण दुसऱ्याच्या जमिनीवर. शाळा हवी होती, पोरांचा गोंगाट नको होता. रस्ता रुंद करायला कुणाचीच ना नव्हती, फक्त तो समोरच्या बाजूने करावा एवढीच नम्र विनंती होती. आणि ‘मैलापाणी शुद्धीकरण केंद्र’ हे शब्द निघाले की सभागृहातल्या सगळ्यांचे हात आपोआप नाकाकडे जात. केंद्र हवं हे सगळ्यांना मान्य होतं. ते कुठेतरी लांब, शक्यतो दुसऱ्या शहरात व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पण घाण पाणी नगरसेवकाचं ऐकत नाही, ते फक्त उताराचं ऐकतं. प्लॅनिंगबाईने सगळ्या शहराचे उतार मोजून घेतले. गल्ल्या, नाले, गटारं, सगळ्यांचा उतार फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होता. तिने माप पुन्हा घ्यायला लावलं. आकडे तेच आले. मोजणीवाल्याला वाटलं बाईंना शंका आहे. बाईंना शंका नव्हती, माप चुकावं अशी मनापासून इच्छा होती. कारण सगळ्यात खालची ती जागा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान होतं, आणि ड्रायव्हिंग स्कूल तिच्या वडिलांचं होतं.

वडिलांना अख्खं शहर मास्तर म्हणे. शहरातले निम्मे लोक त्यांच्या शिव्या खाऊन गाडी शिकले होते. आजवरचे तीन नगराध्यक्षही त्यांचेच विद्यार्थी. तिघांनाही रिव्हर्स कधी जमला नाही, म्हणूनच ते राजकारणात पुढे गेले, असं मास्तर कुणीही न विचारता सांगत. मैदान त्यांनी तरुणपणी घेतलं तेव्हा ती नुसती दलदल होती. त्यांनी स्वतः भर घातली, रोलर फिरवला, ड्रम रंगवून मांडले, कोपऱ्यात पत्र्याची शेड उभी केली. पंचाहत्तरी जवळ आली तरी रोज सकाळी तिथे जाऊन कुणाच्या तरी क्लचच्या नावाने बोंब मारल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. त्या मैदानापलीकडे त्यांना दुसरं जग नव्हतं आणि नको होतं.

बाहेरून कळण्याआधी आपण सांगितलेलं बरं, म्हणून तिने एक दिवस जेवताना विषय काढला. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

“म्हणजे आता सगळं गाव माझ्या मैदानात हगणार?”

“अहो, जेवताना काय बोलता!” आई म्हणाली.

“मी नाही बोलत. तुझी लेक बोलतेय. नकाशा काढून बोलतेय!”

त्या दिवसापासून मास्तरांनी लेकीशी बोलणं टाकलं. घरात माणसं तीन, पण सगळा कारभार आईमार्फत चालू झाला. “तुझ्या प्लॅनिंगबाईंना सांग, आंघोळीचं पाणी जपून वापरा, शेवटी ते माझ्याकडेच यायचंय.” प्लॅनिंगबाई समोरच बसलेली असे. आई बिचारी मान वळवून तेच वाक्य तिला पुन्हा सांगे आणि मग दोघांनाही म्हणे, “माझं काय पोस्ट ऑफिस आहे का?”

आराखडा जाहीर झाला. हरकती मागवल्या. मैदानाच्या आजूबाजूचे लोक मोर्चा आणतील, खिडक्यांच्या काचा फोडतील, अशी तयारी ठेवून प्लॅनिंगबाई ऑफिसात बसली होती. लोक आले खरे, पण भलतंच मागणारे अर्ज घेऊन आले. एक डॉक्टर आला, त्याने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “मॅडम, ते केंद्र आमच्या प्लॉटवर नाही का बसणार?” मागोमाग लाकडाच्या वखारीचा मालक आला. मग एक निवृत्त हेडमास्तरीण आली, ती तर रडायलाच लागली. आयुष्यभर सरळ वागले म्हणून मला कधी काही मिळालं नाही, निदान हे तरी मिळू दे, असं तिचं म्हणणं होतं.

सगळ्यांचा हिशोब सोपा होता. बाईने केंद्र सख्ख्या बापाच्या जमिनीवर टाकलंय, म्हणजे आत मलई असणार. अफवेला पाय फुटले. मोबदला बाजारभावाच्या कितीतरी पट मिळणार, घरटी एक नोकरी मिळणार, पाणीपट्टी जन्मभर माफ होणार. प्लॅनिंगबाई प्रत्येकाला सांगे की यातलं काहीही नाही, मोबदला सरकारी दराने आहे आणि नोकरीबिकरी कुणाला नाही. ती जितकं खरं बोले तितकी लोकांची खात्री पटे की बाई भलतीच पोचलेली आहे.

या सगळ्यांत जोर होता तो गॅस एजन्सीच्या मालकाचा. त्याची टेकडीजवळ मोठी मोकळी जागा होती आणि आराखडा समितीचा अध्यक्ष त्याचा साडू होता. सुनावणीच्या दिवशी सकाळीच तो तिच्या केबिनमध्ये आला आणि खुर्ची नव्हती म्हणून टेबलाला टेकला.

“मॅडम, आज आपण सगळं गोडीगुलाबीने उरकू. समितीत माझं बोलणं झालंय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं हो, की यात फायदा आहे?”

गॅसवाला हसला. “आता तुमच्यापासून काय लपवायचं? मास्तरांनीच सांगितलं. माझी सून शिकते ना त्यांच्याकडे. एकदा मी मागच्या सीटवर बसलो होतो. मला म्हणाले, कुणाला बोलू नका, पण पोरीने माझ्या म्हातारपणाची सोय केलीय. एवढ्या पैशांचं मी करू काय, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या!”

तो गेल्यावर प्लॅनिंगबाई तशीच बसून राहिली. आता तिला सगळं लक्षात आलं. महिनाभर बाबा दुप्पट शिकवण्या घेत होते, घसा बसवून घरी येत होते आणि आईने काढा दिला की गपचूप पीत होते. चालत्या गाडीतून शिकणारा उठून जाऊ शकत नाही. तासभर त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि दोन्ही कान मास्तरांच्या ताब्यात. डॉक्टर, वखारवाला, हेडमास्तरीण, सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी सध्या गाडी शिकत होतं.

तिला आधी हसू फुटलं. पण ते टिकलं नाही. ज्या माणसाने नगराध्यक्षाच्या भाच्याला “याला सायकलसुद्धा देऊ नका” म्हणून परत पाठवलं होतं, कच्च्या माणसाला पक्का म्हणून कधी पुढे केलं नव्हतं, तो या वयात रोज माणसं गाडीत घालून त्यांना थापा मारत होता. एका मैदानासाठी. आणि डाव बरोबर बसला होता. ती नुसती गप्प राहिली की मैदान वाचणार होतं.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. पंखे फिरत होते पण वारा कुणालाच लागत नव्हता, आणि माइक अध्यक्षांपेक्षा जास्त बोलत होता. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते ताडकन उठले.

“माझी काहीही हरकत नाही!” ते गरजले. “केंद्र माझ्याच जागेवर व्हायला हवं. दुसऱ्या कुणाला मी ते मिळू देणार नाही, सांगून ठेवतो!”

झालं, सभागृहात एकच कल्ला उसळला. सगळं यांनाच का? आम्ही काय माणसं नाही का? घरचं माणूस खुर्चीवर आहे म्हणून सगळी घाण यांनीच खायची का? शेवटचा प्रश्न वखारवाल्याचा होता. तो ऐकायला कसा वाटतोय हे त्याचं त्याला कळलं नाही आणि त्या रागात इतर कुणाला कळायचं कारण नव्हतं. मास्तर हाताची घडी घालून खाली बसले. इतका उत्तम अभिनय त्या सभागृहात रोज अभिनय करणाऱ्यांनाही कधी जमला नव्हता.

अध्यक्षांनी टेबल बडवलं. “शांत व्हा! पक्षपात या समितीत चालणार नाही. केंद्र गॅस एजन्सीच्या मालकांच्या जागेवर हलवावं, असं समितीचं मत आहे. मॅडम, तांत्रिक अडचण काही नाही ना?”

गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच मास्तरांनी लेकीकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. गंमत होती, थोडी विनवणी होती, आणि बघ म्हाताऱ्याने कसं जमवलं, असा पोरासारखा आनंद होता. ‘नाही’ हा एवढासा शब्द. तो तिच्या जिभेवर आलाही होता.

“आहे,” ती म्हणाली.

माइकने कर्कश किंकाळी मारली. ती थांबेपर्यंत प्लॅनिंगबाई थांबली.

“ती जागा टेकडीच्या अंगाला आहे, उंचावर. शहराचं सगळं मैलापाणी पंपाने वर चढवावं लागेल. वीज गेली की पंप बंद पडणार आणि मग पाणी मागे येणार.”

“मागे म्हणजे कुठे?” अध्यक्षांनी विचारलं.

“जिथून गेलं तिथेच. आधी सखल भागातल्या बाथरूममध्ये. तुमचा बंगला सखल भागातच आहे, साहेब.”

अध्यक्षांनी साडूकडे बघितलं. नातं कितीही जवळचं असलं तरी त्याला एक हद्द असते, ती त्या क्षणी आली.

“आणि मोबदला सरकारी दरानेच मिळेल,” प्लॅनिंगबाई पुढे म्हणाली. “नोकरी नाही, पाणीपट्टी माफ नाही. मी हे प्रत्येकाला सांगितलंय. केंद्र मास्तरांच्या जागेवर आहे कारण पाणी तिकडेच जातं. दुसरं काही कारण नाही. असतं तर ते शोधून काढलं असतं मी.”

शेवटचं वाक्य बोलून तिने माइक खाली ठेवला. पण लोक तिच्याकडे बघतच नव्हते, ते मास्तरांकडे बघत होते. हाताची घडी सुटली होती. चेहऱ्यावरचा सगळा आनंद उतरून तिथे एक थकलेला म्हातारा बसला होता, आणि तो चेहरा बघून गावाला पहिल्यांदा तिचं बोलणं खरं वाटलं. डॉक्टर अर्ज मागे घ्यायला उठला. वखारवाल्याने त्याला कोपराने ढकलून पहिला नंबर लावला. गॅसवाल्याला अचानक कुठलासा फोन आला, तो कानाला लावून तो जो बाहेर गेला तो परत आलाच नाही.

सगळं आवरून ती खाली आली तेव्हा मास्तर गेले असतील असंच तिला वाटलं होतं. पण स्कूलची गाडी फाटकापाशी उभी होती, आणि ते शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते.

“बस,” ते म्हणाले. आईच्या मध्यस्थीशिवाय आलेला तो पहिला शब्द होता. ती स्टिअरिंगसमोर बसली.

“गॅसवाल्याची जागा उंचावर आहे हे आधी बोलायचं नाही का? त्याच्यामागे उगीच घसा फोडला मी. खालच्या अंगाचा दुसरा कुणी तरी गाठला असता.”

“आपल्याहून खाली कुणीच नाही, बाबा. मी पुन्हा पुन्हा मोजलं.”

मास्तर काचेतून समोर बघत राहिले. “म्हणून तर मला परवडली होती ती जागा,” ते म्हणाले.

फाटकातून माणसं बाहेर पडत होती. एरवी गाडीवर थाप मारून जाणारे लोक आज खाली मान घालून जात होते. मास्तरांनी सगळ्यांना जाऊ दिलं, आणि मग एकदम सावरून बसले.

“बरं, जाऊ दे. काम शेवटी नगरपालिकेचं आहे. मी तरुण होतो तेव्हा त्यांनी बगिच्यासाठी जागा राखली होती, तिथे अजून नुसती पाटी आहे. हे तुमचं केंद्र व्हायला वीस वर्षं जातील. तोवर मी कुठला असायला! शिकवत राहीन आपला शेवटपर्यंत. काय?”

त्यांनी ते ‘काय’ इतक्या आशेने विचारलं की तिला त्यांच्याकडे बघवेना. हो म्हणायला पैसे पडत नव्हते. आईने पटकन म्हटलं असतं. नगरपालिकेतल्या कुणीही म्हटलं असतं, आणि ते बहुधा खरंही ठरलं असतं.

“बाबा, या वेळी काम माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “दोन वर्षांत पुरं होईल.”

मास्तरांनी आपल्या बाजूची काच खाली केली, पुन्हा वर केली.

“खोटं बोलली असतीस तर काय गेलं असतं तुझं?” शेवटी ते म्हणाले. “एकदाच. म्हाताऱ्या माणसाशी.”

ती रडायला लागली. सभागृहात धरून ठेवलेलं, घरात महिनाभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि तिच्या मांडीवर टाकला.

“सगळ्या गावाला शिकवलं,” ते म्हणाले, “आणि तुला एवढं शिकवायचं राहून गेलं. पूस डोळे. समोरचं नीट दिसत नसताना गाडी काढायची नसते.”