घुमणारं घर

आवाज येतोय तरी कुठून, हे फिटरला कळेना. चाळीस वर्षं कापडगिरणीत काढलेला माणूस. चालत्या मागाजवळ नुसता उभा राहून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. आणि इथे मुलाच्या घरात महिनाभर बारीक घूं असा आवाज चालू, आणि त्याचा पत्ता लागू नये म्हणजे काय!

घर होतं टेकडीच्या पोटात. तीन बाजूंना माती, वर गवत, पुढे तेवढी काचेची भिंत. मुलगा इंजिनिअर. त्यानं ते हौसेनं बांधलं आणि आई गेल्यावर एकट्या पडलेल्या बापाला आग्रह करकरून महिन्यापूर्वी इथे आणलं. उन्हाळ्यात पंखा नको, थंडीत स्वेटर नको, असं मुलगा कौतुकानं सांगायचा. कपाटातल्या कपड्यांना दमट वास यायचा, मागच्या खोलीत सकाळ आहे की दुपार ते घड्याळाला विचारावं लागायचं, पण तेवढं चालायचंच. तो आवाज मात्र डोकं खायचा. बाहेर रस्त्यावर गेलं की बंद, घरात पाऊल टाकलं की सुरू. म्हणजे दोष घरातच, यात काय शंका?

मुलानं आधी हवा खेळवणारा पंखा बदलला. मग पाण्याचा पंप बंद करून पाहिला. मग फ्रिज. सूनबाई विरघळलेलं आइस्क्रीम हातात घेऊन उभी.

"आता?" मुलगा दर वेळी विचारायचा.

"आहे," फिटर म्हणायचा. त्याला अपराध्यासारखं वाटायचं, पण आहे ते आहे.

"मग छतावरची माती काढतो," शेवटी मुलगा म्हणाला. "एखादा पाइप घुमत असेल. पाणी अडवणारा थर कापावा लागेल." एकदा थर कापला की पुढे घर गळणार नाही, याची खात्री त्यालाही देता येईना. "आणि तरी नाही सापडलं, तर विकून टाकू. तुम्हाला त्रास होणाऱ्या घरात आम्ही तरी कशाला राहू?"

फिटर हबकला.

"बाबा, एकदा कान दाखवून येता का?" सूनबाईनं विचारलं.

"माझे कान?" फिटर असा तडकला, की सूनबाई आत निघून गेली. पण मुलाचं घर वाचत असेल तर वाचू दे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निमूट गेला. मुलगा तेव्हा फावडं घेऊन छतावर चढतच होता.

कानाच्या डॉक्टरबाईंनी त्याला जाड भिंतींच्या एका इवल्याशा खोलीत बसवलं आणि दार लावलं. घूं सुरू! फिटर दाराची काच ठोकायला लागला.

"ही खोलीपण जमिनीखाली आहे का हो?"

"दुसऱ्या मजल्यावर आहोत आपण, आजोबा."

मग त्यांनी समजावलं. मागांच्या खडखडाटानं कान दुखावलेले. आवाज कानातलाच, कित्येक वर्षांचा; आजवर गोंगाटात दबून राहिला होता. "फार शांत जागी बसत जाऊ नका," त्या म्हणाल्या.

फिटर बाहेर आला तो सुन्न होऊन. घर निर्दोष सुटलं म्हणून हसावं, की आपलेच कान खोटे निघाले म्हणून रडावं? मग त्याला छत आठवलं आणि तो जवळजवळ पळतच सुटला.

मुलगा टेकडीवर होता. गवत गुंडाळून बाजूला ठेवलेलं, काळा थर उघडा पडलेला, हातात सुरी.

"थांब! कापू नकोस! दोष माझ्यात आहे." धापा टाकत फिटरनं सगळं सांगितलं. शांत जागेचं तेवढं ओठांवर येऊन अडलं.

मुलगा चिखलातच बसला. "म्हणजे घर ठीक आहे?"

"ठणठणीत."

"मग राहाल ना? हे शांततेसाठीच बांधलं मी, बाबा. तुम्ही गिरणीतल्या पाळीवरून आलात की म्हणायचात, गप्प बसा रे, डोकं भणभणतंय. आई आम्हाला आत नेऊन बसवायची. आम्ही खेळायचो, पण मुक्यानं. तेव्हाच ठरवलं होतं, बाबांना असं घर द्यायचं, जिथे काही म्हणजे काही ऐकू येणार नाही."

आपल्या घरात पोरं मुक्यानं खेळायची, हे फिटरला आज कळत होतं. इथेही मुलगा आणि सून कुजबुजतात, ताटंसुद्धा अलगद ठेवतात. ते त्याला या घराचंच वळण वाटलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"राहतो," तो म्हणाला. "पण घरात बोलत जा रे. मोठ्यानं. हसा, भांडा, भांडी आपटा. मला शांतता सोसत नाही."



"काय बोलू?" मुलानं विचारलं, तेही हळूच.