पाणी न पिणाऱ्या विटा

धामणगाव बढ्याच्या कडूबाले आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. त्याच्या भट्टीच्या विटेले कोण्यातरी सरकारी माणसानं कागदावर 'अव्वल' लिहून द्यावं. बस. मलकापूरचा त्याचा साडू इंद्रभान, त्याच्याजवळ तसा कागद होता. लग्नात, बारशात, एकदा तर चक्क मयतीच्या बैठकीत त्यानं तो खिशातून काढून दाखवला होता.

म्हणून गावात शाळा बांधायची निघाली तसा कडूबा हरखला. अव्वल वीट शाळेच्या भिंतीले, दुय्यम कुंपणाले, तिय्यम मुतारीले, असं नागपूरहून आलेल्या कागदात लिहिलं होतं. तपासायले वामनराव ओवरसियर येणार होते. कडूबानं भट्टीतून नमुन्याच्या सहा विटा निवडल्या. कडा सरळ, रंग लालबुंद, एकीवर एक ठोकली की टणटण वाजणाऱ्या. ओसरीवर ठेवल्या, बायकोले, सत्यभामाबाईले, म्हणाला, "साहेब पाहायले येऊन राह्यले, नीट ठेवजो," अन उरलेल्या मालाकडं भट्टीवर गेला तो तीन दिवस तिकडंच.

आता सत्यभामाबाईनं चार नणदा अन तीन पोरी पाहण्याच्या कार्यक्रमातून पार पाडल्या होत्या. 'पाहायले येऊन राह्यले' एवढं कानावर पडलं की तिचा हात आपोआप तेलाच्या बुधलीकडं जाई. विटा तिले कशा कोरड्या-कोरड्या वाटल्या. तिनं जवसाचं तेल कोमट केलं अन चोळायले बसली. विटा पेत गेल्या, ती पाजत गेली. मंग उन्हात वाळवल्या. तिसऱ्या दिवशी विटा अशा चकाकल्या की कडूबा घरी येऊन पाहतच राह्यला. त्याले वाटलं, आपल्या मातीतच गुण हाय.

वामनराव आले. एका विटेवर नख ओढलं, ओरखडा नाही. छातीएवढ्या उंचीवरून खाली सोडली, टवका नाही. मंग सहाही विटा काट्यावर तोलून घंगाळात बुडवल्या. विटेनं दिवसभरात आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या वर पाणी पेलं की अव्वल गेली, असा कायदा.

दुसऱ्या दिवशी विटा तोलल्या तर काटा कालच्या वजनावरून हलेना. वामनरावांनी चष्मा पुसला, वजनं बदलली, काटेवाल्याले बोलले, पुन्हा तोलल्या. तेवढंच. थेंबभर पाणी पेलं नव्हतं.

वामनराव मटकन खाली बसले. चौदा वर्षांच्या नोकरीत अशी वीट पाह्यली नव्हती म्हणाले. लगेच लांबलचक अहवाल लिहिला. ह्या विटेले अव्वल म्हणणं हा विटेचा अपमान आहे, तिच्यासाठी अव्वलच्या वरची वेगळी प्रत काढावी, अन चाळीस हजार विटा अशाच नमुन्याच्या घ्याव्या. कडूबाले तर इंद्रभानचं तोंडच डोळ्यापुढं दिसायले लागलं.

तेवढ्यात रंगराव गवंडी आला. भिंत त्यालेच बांधायची होती. त्यानं एका विटेवर चुना थापला. चुना घसरून खाली पडला. पुन्हा थापला, पुन्हा पडला. त्यानं वीट नाकाले लावली.

"काय पाजलं बे हिले?"

कडूबानं घंगाळात पाह्यलं. पाण्यावर तेलाची चकंदळं तरंगत होती. मंग त्यानं बायकोकडं पाह्यलं. ती शेजाऱ्याच्या लिंबाकडं लय लक्ष देऊन पाहत होती.

"काऊन?" ती म्हणाली. "वाईट दिसून राह्यल्या काय?"

गप बसलं तर इंद्रभानपेक्षा भारी कागद पदरात पडत होता. पण चाळीस हजार विटांले तेल चोळता चोळता सत्यभामाबाईचे हात गेले असते, अन चुना न धरलेली भिंत पोरांच्या अंगावर आली असती. कडूबानं वामनरावांले सारं सांगून टाकलं.

तर वामनराव ऐकतच नाहीत. आपलं नाव नागपूरपर्यंत जाणार म्हणून ते खुशीत होते. कडूबा खोटं बोलतो, मातीचं गुपित लपवतो, असं म्हणायले लागले. शेवटी कडूबा भट्टीवर धावला, हाताले लागली ती वीट आणली अन ताज्या पाण्यात सोडली. बुडबुड बुडबुड आवाज करत तिनं पाणी ओढलं. वामनरावांचं तोंड उतरलं.

"ही तर पाणी पिते."

"भट्टीतून आली साहेब," कडूबा म्हणाला. "तहान तर लागनच."

वामनरावांले आणखी एक दिवस मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी वीट तोलली तर सहाव्या हिश्श्याच्या आत. हिच्यावर चुनाही कसा घट्ट बसला. वामनरावांनी मोठा अहवाल फाडला, एक उसासा टाकला, अन कोऱ्या कागदावर एक शब्द लिहून खाली सही ठोकली.

कडूबाले वाचता येत नव्हतं. त्यानं कागद रंगरावापुढं धरला. रंगरावानं वाचलं, अव्वल. कडूबा म्हणाला, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. पाचव्या वेळी रंगराव कावला.

"बस झालं बे. विटा आन, भीत उभी करायची हाय."

"विटा उद्या," कडूबा कागदाची घडी घालत म्हणाला. "आज मले मलकापूरले जायचं हाय."