पंच्यात बांधलेली मटकी

मी पंचा बोलतोय. खरं तर अर्धाच पंचा. माझा दुसरा अर्धा फरशी पुसून पुसून कधीच संपला. पांढरा, लाल काठाचा, विरळ विणीचा सुती कपडा, एवढीच माझी ओळख.

मालेगावच्या मागावर मी विणला गेलो. मनमाडला रेल्वेत असलेल्या कोंडाजींनी मला विकत घेतलं. त्यांचा घाम मी पुसला, उन्हात त्यांच्या डोक्यावर बसलो. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, राकेशने, मला नाशिकला आणलं आणि त्याच्या बायकोने, अंजलीने, मधोमध फाडलं. आता आपलं काय होणार, याचं मला दुःखापेक्षा कुतूहलच जास्त होतं. झालं एवढंच, की ओट्याखालच्या खणात प्लास्टिकच्या पिशव्यांखाली मी कित्येक वर्षं पडून राहिलो.

खणातून दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं. राकेश सिन्नरच्या कारखान्यात, अंजली एका ऑफिसात. दोघं घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. त्यांची तेजल नववीत आहे. तिची शाळा पाचला सुटते आणि लगेच कबड्डीचा सराव असतो. मधल्या वेळात ती काय खाते, ते मला रात्री दप्तर रिकामं होताना चुरचुरणाऱ्या पाकिटांवरून कळायचं. घरात शेंगदाणे आहेत, गूळ आहे, कडधान्यांच्या बरण्या भरलेल्या आहेत. मग पोरगी रोज हवेने फुगवलेली पिशवी का फोडते? मी खूप विचार केला. बरणी कपाटात असते आणि टपरी शाळेच्या दारात, याशिवाय दुसरं कारण मला सापडलं नाही. तरी मोठी माणसं रागावतात ती मुलांवरच.

एका संध्याकाळी तेजल म्हणाली, "मम्मी, सर म्हणाले, सेकंड हाफला परत खाली बसलीस तर तुझ्या जागी शुभांगी."

रविवारी तालुक्याच्या संघाची निवड होती.

"चक्कर येते का तुला?"

"चक्कर नाही गं. आधी एकदम जोर येतो, मग पायच जातात."

"त्याच्या आधी काय खातेस?"

तेजलच्या दप्तरात रिकामं पाकीट चुरचुरलं.

"आणि शुभांगी काय खाते?"

"मोडाची मटकी. डब्यात आणते, लिंबू पिळून. पोरी हसतात तिला. आजाऱ्याचं जेवण म्हणतात."

"तू पण हसतेस?"

"मी जरा कमी हसते."

अंजलीने खण ओढला आणि मला बाहेर काढलं.

भिजलेली मटकी तेजलने माझ्यात बांधली आणि मला खिळ्याला टांगलं. पण नाशिकची थंडी! दुसऱ्या दिवशीही दाणे तसेच, गारठलेले. "ऊब लागते त्यांना," अंजली तयार होता होता म्हणाली. घरात सदा गरम असतं असं एकच ठिकाण तेजलला आठवलं: टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. तिने मला उचललं आणि त्याच्यावर बसवलं.

काय सांगू, छान वाटलं. हळूहळू माझ्या आत खुसपुस सुरू झाली. दाण्याची साल फुटत होती आणि त्यातून काहीतरी पांढरं, टोकदार बाहेर येत होतं. हे कोण ढकलतं आतून? मला अजून कळलेलं नाही. पण तेजलने मला नीट पिळलं नव्हतं. माझ्यातलं पाणी बॉक्समध्ये झिरपलं आणि तो बंद पडला.

संध्याकाळी राकेश रिमोट दाबून दाबून थकला. "हे काय बसवलंय याच्यावर?"

"मटकी."

"तिला काय सिरियल बघायची होती?"

"पप्पा, रविवारी निवड आहे."

"आणि आज मॅच आहे, त्याचं काय?" तो चिडला होता, पण माझी गाठ त्यानेच सोडली. मोड पाहून त्याने दोन दाणे तोंडात टाकले. "आलेत की गं," तो म्हणाला. "जा, मीठ आण."

त्यानंतर मला घट्ट पिळून पोळ्यांच्या हॉटकेसमध्ये ठेवू लागले. सकाळी अंजली मटकी वाफवून, शेंगदाणे घालून डबा भरायची. मैदानाच्या कट्ट्यावर बसून तेजल तो खायची. "आज पोरी आम्हा दोघींना हसल्या," तिने पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं.

रविवारी दुपारी मी गॅलरीत दोरीवर वाळत होतो. तेजल आली ती गुडघे खरचटून, मातीने माखून.

"दोन्ही हाफ खेळले," ती म्हणाली. "बसले नाही."

"मग?" अंजलीने विचारलं.

"शुभांगीला घेतलं. मी राखीव."

"राखीव म्हणजे संघातच की," राकेश म्हणाला.

"पप्पा, समजूत नका काढू." ती तांब्याभर पाणी प्यायली. "तिची पकड माझ्यापेक्षा भारी आहे, ते खरंय. सर म्हणाले, पाय असेच टिकले तर महिन्याने परत बघू."

मग तिने मला दोरीवरून ओढलं, भिजलेली मटकी निथळली आणि कोणी न सांगता गाठ मारली.

आता मी बराच विरलोय. मोड माझ्या विणीतून आरपार जातात आणि ओढून काढताना धागे तुटतात. माझं एक ऐका. तुमच्या घरचं पोर शाळा सुटल्यावर काय खातं, ते आजच विचारा. उपदेश राहू द्या, डबा भरून द्या. कपाटात माझ्यासारखा एखादा जुना पंचा असेल तर त्यालाही कामाला लावा.

मला मात्र इतक्यात निरोप देऊ नका. महिन्याने सर परत बघणार आहेत. तोवर मला फाटून चालणार नाही.